सहा पॉइंटातली ओळ

मल्हारगंजातून खाली उतरलात की पिठाच्या गिरणीला लागून
माझं दुकान. पाटी नाही. शाईचा वास हीच पाटी.
पूर्वी लग्नपत्रिका छापायचो, आता पिशव्या.
मक्याच्या पिठाच्या म्हणे, मातीत मुरणाऱ्या.
त्यांवर एक गोल, गोलात पान, खाली ‘शासनमान्य’
आणि दहा आकडी नंबर.
पान सरकारी नमुन्यातलंच,
देठ माझ्या हातून जरा वाकडा गेला.
अजून कुणी विचारलं नाही.

शाई मात्र मक्याची नाही.
ती किलोच्या डब्यातून येते,
डब्यावर कवटी.

एका सोमवारी पोरवाल शेठ आले,
खिशातून दुसऱ्याच कुणाची पिशवी काढून
टेबलावर हातानं सपाट केली.
‘भिया, हाच नंबर आपल्या मालावर.’
म्हटलं, हा देवासच्या कारखान्याचा. त्यांचं काम माझ्याकडेच आहे.
‘मग तर सोपंच की.
नंबर कोण वाचतंय? लोक पान बघतात.’
एवढं एक ते खरं बोलले.

छापल्या. अडीच हजार.
मुलीची फी होती असं म्हणता येईल,
पण नव्हती. महिना मंदा होता.

घरी दोन आणल्या. एक पोरवालची, एक देवासची.
गच्चीवर दोन कुंड्यांत पुरल्या, वर खडूच्या खुणा.
कुमुद म्हणाली, तू छापतोस ना, मग तुला माहीत नाही?
आणि जागा वाया कशाला म्हणून
दोन्हींत कोथिंबीर पेरली.

सहा महिने कोथिंबीर खाल्ली. दोन्हीकडची चांगली लागली.
जानेवारीत कुंड्या उपड्या केल्या.
पोरवालची जशीच्या तशी. पान लखलखीत,
नंबर धुतल्यासारखा.
ते ठाऊकच होतं.

मग दुसरी. ढेकूळ फोडलं, मुळं सोडवली.
तीही होती.
थोडी ठिसूळ, कोपरे कुरतडल्यासारखे,
पण पिशवीच. पावशेर भेंडी अजून मावली असती.

सरकारचा राग आला, खरं सांगतो.
जिन्यावर बसून कुमुदला ऐकवलंसुद्धा
शिक्क्यांबद्दल, साहेबांबद्दल, बरंच काही.
मग चष्मा लावून तळाशी बघितलं.
तिथे एक ओळ आहे:
‘केवळ औद्योगिक खत प्रकल्पात विघटनशील.’

ओळ मीच बसवलेली.
देवासवाले म्हणाले होते, नियमानं हवी, पण डोळ्यात नको.
सहा पॉइंट.
सहा पॉइंटात जाळी शाई धरून ठेवते,
‘केवळ’ बुजतं, ‘औ’चा नुसता ठिपका होतो.
खोटं काहीच नव्हतं त्या पिशवीवर.
फक्त वाचता येत नव्हतं.

सकाळी गाडी आली, गाणं वाजवत.
गेंदाबाईच्या हातात दोन्ही दिल्या.
तिनं पान बघितलं नाही. नंबर तर नाहीच.
अंगठा नि बोटात चोळून कानाशी नेली.
ही कुरकुरते. सुक्यात.
ही मऊ आहे, ओल्यात चालेल. पण काका, घरी पुरू नका,
हिला ताप लागतो, मोठ्या ढिगाचा.
माझी सहा पॉइंटातली ओळ
तिनं चालत्या गाडीच्या पायरीवरून
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाचली.

देवासची जाळी धुऊन टाकली.
ओळ आता चौदा पॉइंटात आहे, गोलाच्या बरोबर खाली.
पान त्यामुळे लहान झालं. देठ वाकडाच.
नवा नमुना पाठवलाय, फोन अजून आला नाही.

पोरवाल शेठचा आला. पाच हजार हव्यात, गुरुवारपर्यंत.
म्हटलं, हिरवी शाई संपली.
डबा टेबलाखाली आहे, अर्ध्याच्या वर भरलेला.
हेही खोटंच.
निदान याच्यावर कुणाचा नंबर नाही.